जुन्या विमानाचा जीर्णोद्धार : हिशेब आणि हव्यास

अमेरिकेतील लहान गावांच्या विमानतळांवर एक दृश्य हमखास आढळते. धावपट्टीपासून दूर, गवत माजलेल्या कोपऱ्यात, दोन किंवा चार आसनांचे एखादे विमान वर्षानुवर्षे उभे असते. टायरांतील हवा गेलेली, रंग उन्हाने विटलेला, काचा पिवळ्या पडलेल्या आणि इंजिनाच्या झाकणाखाली पाखरांची घरटी. मालक वारलेला तरी असतो, वृद्ध झालेला तरी असतो, किंवा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता त्याची दहा वर्षे निघून गेलेली असतात. मग कोणा हौशी माणसाची नजर त्या विमानावर पडते. नव्या विमानाच्या मानाने मागितलेली किंमत अगदीच क्षुल्लक वाटते, आणि हे विमान दुरुस्त करून पुन्हा आकाशात न्यावे हा विचार त्याच्या मनात घर करतो. असे करणे परवडते काय, या प्रश्नावर तेथील विमानहौशी मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला आहे.

ज्या वाचकाच्या घरी जुनी स्कूटर दुरुस्त करावी की विकावी एवढाच वाद होतो, त्याला हा प्रश्न दूरचा वाटेल. वस्तुतः तो तितकासा दूरचा नाही. जुने सांभाळावे की नवे घ्यावे, हा पेच प्रत्येक कुटुंबापुढे, शाळेपुढे, ग्रंथालयापुढे आणि नगरपालिकेपुढे कधी ना कधी उभा राहतोच. विमानाच्या बाबतीत तो अधिक स्वच्छ स्वरूपात दिसतो इतकेच. विमानाच्या प्रत्येक दुरुस्तीची लेखी नोंद ठेवणे कायद्याने बंधनकारक असते, काही महत्त्वाच्या सुट्या भागांना आयुष्याची मर्यादा घातलेली असते आणि हिशेबातील चूक माणसाच्या प्राणावर बेतू शकते. म्हणूनच या छोट्या उदाहरणातून खर्च, किंमत आणि मूल्य या तीन गोष्टींतील फरक जितका स्पष्ट होतो तितका पाठ्यपुस्तकातूनही होत नाही.

जुनी विमाने इतकी का?

प्रथम हे पाहिले पाहिजे की, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची विमाने आजही बाजारात का आहेत. मोटारगाडी इतकी जुनी झाली की ती भंगारात तरी जाते किंवा संग्रहालयात तरी. छोट्या विमानांचे तसे झाले नाही, याचे कारण अमेरिकन उद्योगाच्या इतिहासात आहे. १९७८ या एका वर्षात अमेरिकेतील कारखान्यांनी लहान-मोठी मिळून १७,८११ खाजगी वापराची विमाने बाजारात आणली. १९९४ साली हा आकडा ९२८ वर घसरला. इंधनाची महागाई, वाढते व्याजदर आणि मंदी यांचा त्यात वाटा होताच; पण मुख्य आघात होता तो नुकसानभरपाईच्या दाव्यांचा. तीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानाला अपघात झाला तरी कारखानदारावर दावा लागे, आणि त्या भयाने विम्याचे हप्ते इतके वाढले की सेस्ना कंपनीने १९८६ साली पिस्टन इंजिनाची विमाने बनविणेच थांबविले. १९९४ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून अशा दाव्यांना विमान विकल्यापासून अठरा वर्षांची मर्यादा घातली. त्यानंतर १९९६ साली सेस्नाने ते उत्पादन पुन्हा सुरू केले.

मध्यंतरीच्या त्या दशकाने बाजाराची रचना कायमची बदलली. नवी विमाने थोडी आणि अतिशय महाग झाली. चार आसनांचे सेस्ना १७२ हे जगातील सर्वाधिक संख्येने बनलेले विमान. १९५६ पासून त्याची ४४ हजारांहून अधिक विमाने बाहेर पडली. आज याच नावाचे नवे विमान घ्यावयाचे तर चार लाख डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. साहजिकच वैमानिक होऊ इच्छिणारे विद्यार्थी, शिक्षक, छोटे व्यावसायिक या सर्वांचा भार जुन्या विमानांवर पडला. तेथील एका इंजिनाच्या छोट्या विमानांचे सरासरी वय आता चाळिशी ओलांडून गेले आहे. नव्या वस्तूची किंमत आवाक्याबाहेर गेली की जुनीची दुरुस्ती शहाणपणाची ठरू लागते, हा सामान्य नियम येथे लागू पडतो. तथापि 'शहाणपणाची ठरू लागते' आणि 'शहाणपणाची ठरते' यांत बरेच अंतर आहे. ते अंतर कोणत्या गोष्टीने पडते हाच खरा प्रश्न आहे.

वापराने झीज, न वापराने नाश

सामान्य समजूत अशी की, यंत्र वापरले की झिजते आणि बाजूला ठेवले की टिकते. विमानाच्या इंजिनाबाबत ही समजूत जवळजवळ उलटी आहे. इंजिन चालू असताना तेल सर्व भागांवर पसरते. ते थांबले की तेल हळूहळू खाली उतरते आणि पोलादाचे पृष्ठभाग उघडे पडतात. या वर्गातील लायकमिंग कंपनीच्या प्रचलित इंजिनांत झडपा हलविणारा कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या वरच्या अंगाला बसविलेला असतो. त्यामुळे उभ्या विमानात त्यावरील तेल सर्वांत आधी निथळते आणि दमट हवेत त्याच्या उंचवट्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढे इंजिन चालू झाले की तेच खड्डे घर्षणाने वाढत जातात आणि धातूचा कीस तेलात उतरतो. प्रतिस्पर्धी काँटिनेंटल कंपनीच्या छोट्या इंजिनांत कॅमशाफ्ट खालच्या बाजूस असल्याने हा धोका तुलनेने कमी. अशी बारीकसारीक माहिती नसलेला ग्राहक बाहेरून सारखीच दिसणारी दोन विमाने सारख्याच किमतीला घेतो आणि एकाच्या बाबतीत पुरता फसतो.

कित्येक मालक महिन्यातून एकदा विमान जमिनीवरच दहा मिनिटे चालू करून ठेवतात आणि आपण काळजी घेतली असे समाधान मानतात. यानेही हानीच होते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते व ती तेलात मिसळते. विमान हवेत गेले तर तेल पुरेसे तापते आणि वाफ उडून जाते. जमिनीवरच्या अल्प उष्णतेने ती तेलातच राहते आणि आम्ल तयार होऊन आतील भाग खाऊ लागते. म्हणूनच इंजिनाच्या आयुष्याची मर्यादा केवळ तासांत सांगत नाहीत. अमुक इतके तास, बहुधा १,८०० ते २,०००, किंवा बारा वर्षे, यांपैकी जे आधी पुरे होईल तेव्हा इंजिन पूर्ण उघडून त्याचे ओव्हरहॉलिंग करावे, अशी कारखान्यांची शिफारस असते. जाहिरातीत 'इंजिन फक्त ४०० तास चाललेले' असे मोठ्या अभिमानाने लिहिलेले असते. पण ते चारशे तास जर तीस वर्षांत मिळून झाले असतील तर तो आकडा गुणाचा न राहता दोषाचा पुरावा ठरतो.

जे इंजिनाचे तेच सांगाड्याचे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला गंज चढत नाही हा समजही खरा नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, किंवा पत्र्यांच्या सांध्यांत पाणी साचून राहिल्यास, त्यावर पांढरी भुकटी जमते आणि पत्रा पापुद्र्यांप्रमाणे सुटू लागतो. उंदरांनी पंखांत घरटी केली तर त्यांच्या मूत्राने ही क्रिया आणखी वेगाने होते. इंधनाच्या व तेलाच्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. कापडी आवरणाच्या विमानात तर सूर्यप्रकाशच कापडाचा शत्रू असतो. तात्पर्य, दुर्लक्षित विमान हे थांबलेल्या घड्याळासारखे नसते. त्याचा घसारा मालकाच्या नकळत अखंड चालू असतो. अर्थशास्त्रात घसारा हिशेबवहीत मांडला जातो. येथे तो धातूत मांडला जातो.

एक कल्पित हिशेब

आता हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे उदाहरणापुरते गोल धरले आहेत; पण त्यांचे परस्पर प्रमाण वास्तवाला सोडून नाही. समजा, दोन आसनांचे सेस्ना १५० जातीचे एक उभे राहिलेले विमान कोणी १२,००० डॉलरना घेतले. १९५८ ते १९७७ या काळात या जातीची सुमारे २४ हजार विमाने बनली असल्याने त्याचे सुटे भाग व जाणकार कारागीर आजही मिळतात. इंजिनाच्या ओव्हरहॉलिंगला ३०,००० लागले. जुना रंग काढून नवा देण्यास १२,०००, रेडिओ व उपकरणांस १०,०००, टायर, ब्रेक, नळ्या व केबल यांस ५,००० आणि तपासणी व मजुरीस ६,०००. एकूण बेरीज झाली ७५,०००. आणि अशा सुस्थितीतील विमानाला बाजारभाव समजा ४०,०००. म्हणजे विमान उडू लागले त्याच दिवशी मालकाने ३५,००० डॉलर गमावले. खरेदीची किंमत एकूण खर्चाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी होती, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. स्वस्त मिळाले म्हणून विमान घेणारा मनुष्य खर्चाच्या एका लहानशा हिश्शावर आपला सर्वांत मोठा निर्णय आधारीत असतो.

यापुढचा टप्पा अधिक शिकण्यासारखा आहे. समजा, ४५,००० खर्च होऊन गेले आहेत, ३०,००० व्हावयाचे आहेत, आणि विमान सुटे करून हँगरमध्ये पडले आहे. अशा अर्धवट अवस्थेत त्याला कोणी ५,००० पेक्षा अधिक देणार नाही. काम पुरे केले तर ४०,००० येतील. आता मालकाने काय करावे? झालेले ४५,००० परत येणार नाहीत. ते बुडीत खर्चात गेले. पुढच्या ३०,००० डॉलरांनी विमानाची किंमत पाचवरून चाळीस हजारांवर, म्हणजे ३५,००० ने वाढते. तेव्हा काम पुरे करणे हाच येथे शहाणपणा. मात्र याच वेळी पंखातील मुख्य तुळईला गंज आढळला आणि आणखी १५,००० चा खर्च निघाला, तर पुढे लागणारे ४५,००० हे पदरात पडणाऱ्या ३५,००० पेक्षा अधिक होतात, आणि तेथेच हात आखडता घेणे योग्य ठरते. दोन्ही प्रसंगी आधी गेलेल्या रकमेचा निर्णयाशी काही एक संबंध नाही. 'एवढे घातले आहेत म्हणून आणखी घाला' हे जितके चूक, तितकेच 'एवढे बुडाले म्हणून सोडून द्या' हेही चूक.

हा मोह केवळ हौशी माणसांनाच होतो असे नव्हे. ब्रिटन व फ्रान्स यांनी १९६२ साली करार करून कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाचे काम हाती घेतले. खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला, गिऱ्हाइके मागे हटली, तरी दोन्ही सरकारे माघार घेईनात. चाचणीची विमाने धरून अवघी वीस विमाने तयार झाली. १९७६ पासून २००३ पर्यंत ती प्रवासी वाहतुकीत राहिली. पण त्यांच्या निर्मितीवर घातलेला पैसा कधीच वसूल झाला नाही. बुडालेल्या पैशापायी आणखी पैसा बुडविण्याच्या या प्रवृत्तीला 'कॉन्कॉर्डचा भ्रम' असे नावच पडून गेले आहे.

कागद विमानाइतकाच मोलाचा

जुन्या विमानाच्या व्यवहारातील दुसरी अडचण माहितीची आहे. विकणाऱ्याला विमानाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. जॉर्ज ॲकर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, जेथे गुणदोष पारखता येत नाहीत तेथे ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या वस्तूचा मालक विकण्यास राजी होत नाही, आणि बाजारात निकृष्ट मालच शिल्लक राहतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विमानाच्या बाजारात ही दरी भरून काढण्याचे एक साधन मात्र आहे, ते म्हणजे लॉगबुक. प्रत्येक उड्डाणाचे तास, प्रत्येक बदललेला भाग, प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक अपघात यांची क्रमवार नोंद त्यात असते. सांगाड्याचे, इंजिनाचे आणि पंख्याचे लॉगबुक अखंड असेल तर जाणकार मेकॅनिकास विमानाचे चरित्र वाचता येते. ते हरवले असेल तर चांगले विमानही संशयित ठरते, आणि प्रत्येक भाग नव्याने तपासून सिद्ध करावा लागतो. एखाद्या जीर्ण विमानाच्या मालकाने चाव्या दिल्या आणि वह्या सापडत नाहीत असे सांगितले, तर त्याने विमानाचा अर्धा भाग स्वतःकडे ठेवून घेतला असेच समजावे. म्हणूनच पैसे देण्यापूर्वी, विकणाऱ्याशी लागाबांधा नसलेल्या मेकॅनिकाकडून एक दिवस तपासणी करवून घेणे, हा या साऱ्या उपद्व्यापातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक परतावा देणारा खर्च होय.

जेथे काटकसर चालत नाही

येथवरचा विचार पैशाचा झाला. पण विमान ही जुन्या कपाटासारखी वस्तू नव्हे. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ टायगर मॉथ जातीचे एक विमान हवेतच मोडून समुद्रात पडले आणि त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. खालचे पंख विमानाच्या धडाशी जोडणाऱ्या सळ्या तुटल्या होत्या आणि त्यांत आधीपासूनच भेगा पडलेल्या होत्या, असे तपासात आढळले. या सळ्या मूळ कारखान्याच्या नव्हत्या. मागाहून दुसरीकडे बनवून बसविलेल्या होत्या. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लॉरिडामधील डेटोना बीच येथे वैमानिक-शिक्षणाच्या उड्डाणात पायपर ॲरो विमानाचा पंखच निखळला; विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही दगावले. हे विमान तर दुर्लक्षित नव्हते आणि जुनेही नव्हते. धातूला आलेला थकवा डोळ्यांना दिसत नाही, हेच त्याचे कारण. त्यानंतर अमेरिकन हवाई प्रशासनाने पायपरच्या अनेक विमानांच्या मुख्य तुळईतील बोल्टांची छिद्रे विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने तपासण्याचा आदेश काढला.

या घटनांचा अर्थशास्त्रीय अर्थ असा की, जीर्णोद्धाराच्या खर्चाचे दोन भाग पाडले पाहिजेत. रंग, गाद्या, उपकरणे यांचा खर्च पुढे ढकलता येतो, कमी करता येतो. पंखाची तुळई, सांधे, नियंत्रणाच्या केबल, इंजिन यांचा खर्च एक तर पूर्ण करावा किंवा मुळीच करू नये. तेथे ऐंशी टक्के काम याचा अर्थ शून्य काम असा होतो. किंबहुना ते शून्याहूनही वाईट, कारण चकचकीत रंगाखाली दडलेला गंज मालकाला नि प्रवाशाला निष्कारण निर्धास्त करतो. ज्याच्या ऐपतीत हा दुसरा भाग पूर्णपणे बसत नाही, त्याने विमानाच्या वाटेस जाऊ नये, हे कठोरपणे सांगितले पाहिजे.

मग करावे कोणी?

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, हा धंदाच आतबट्ट्याचा. तसेही नाही. वरील उदाहरणातील ३५,००० डॉलरांच्या तुटीचा विचार तासांच्या हिशेबाने करून पाहावा. एकटा मालक वर्षाला चाळीस तास उडत असेल, तर बारा वर्षांत ४८० तास होतात आणि प्रत्येक तासावर या तुटीचे सुमारे ७३ डॉलर पडतात. तेच विमान एखाद्या फ्लाइंग क्लबने घेतले आणि वर्षाला १२५ तास वापरले, तर बारा वर्षांत १,५०० तास होतात व तासाला सुमारे २३ डॉलरच पडतात. शिवाय हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी हे स्थिर खर्चही पंधरा-वीस सभासदांत वाटले जातात. आणि सतत उडणारे इंजिन उभ्या इंजिनापेक्षा सुस्थितीत राहते हा लाभ वेगळाच. एकाला न परवडणारी वस्तू समाईक वापराने अनेकांना परवडते, या सहकाराच्या तत्त्वाची ओळख महाराष्ट्राला नव्याने करून द्यावयास नको.

दुसरा वर्ग हाताने काम करणाऱ्यांचा. अमेरिकेत परवानाधारक मेकॅनिकाच्या देखरेखीखाली मालकाला स्वतः काम करता येते; मेकॅनिक ते तपासून सही करतो. अशा रीतीने मजुरीचा मोठा भाग वाचतो. मात्र स्वतःच्या श्रमाची किंमत शून्य धरणे ही येथील नेहमीची लबाडी आहे. चार वर्षांच्या सुट्या जर त्यात गेल्या, तर त्या सुट्यांचे दुसरे काय झाले असते हेही पाहिले पाहिजे. पण ज्याला ते कामच आनंदाचे वाटते, त्याच्या दृष्टीने तो वेळ खर्च न राहता उपभोग होतो. संगीताच्या शिकवणीवर खर्च करणारा कधी परताव्याचा दर विचारीत नाही. तसेच याने आपल्या छंदाला 'गुंतवणूक' म्हणणे सोडून द्यावे आणि तो खर्च उपभोगाच्या रकान्यात प्रामाणिकपणे मांडावा. मग तूट राहत नाही. राहते ती आनंदाची किंमत, आणि ती द्यावी की न द्यावी हे ज्याने त्याने ठरवावे.

तिसरा वर्ग दुर्मिळ विमानांचा. ज्या जातीची हजारो विमाने अस्तित्वात आहेत, त्यांतले एक मोडीत गेल्याने जगाचे काही अडत नाही; उलट त्याचे सुटे भाग इतर दहा विमानांना उडते ठेवतात. पण जे शेवटचे चार-दोन नमुने आहेत त्यांची गोष्ट निराळी. इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात १९०९ सालचे ब्लेरिओ विमान अद्याप उडण्याच्या स्थितीत राखलेले आहे. धावपट्टीवर अल्पशी झेप घेण्यापलीकडे त्याच्याकडून काही करवीत नाहीत. बाजाराच्या हिशेबात या झेपेला अर्थ नाही. पण ती पाहणाऱ्यांनी तिकिटे काढली, स्वयंसेवकांनी श्रम दिले आणि विश्वस्त संस्थेने जबाबदारी घेतली, म्हणून ती टिकली. जो लाभ सर्वांना मिळतो त्याचा खर्चही अनेकांनी मिळून उचलावा, या सार्वजनिक वस्तूच्या सिद्धांताचे हे चालते-बोलते उदाहरण होय.

आपल्याकडचा प्रश्न

हा विचार भारतालाही लागू आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. मुंबई व दिल्ली येथे १९२८ साली फ्लाइंग क्लब निघाले. जे. आर. डी. टाटा यांना १९२९ साली वैमानिकाचा पहिल्या क्रमांकाचा भारतीय परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ या एक इंजिनाच्या विमानातून त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. पन्नास वर्षांनंतर, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी हाच प्रवास त्या काळातील लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला. तरुणांच्या मनात थोडी उमेद जागवावी हा आपला हेतू त्यांनी सांगितला होता. त्या उड्डाणाचा खर्च कोणत्याही ताळेबंदात वसूल झालेला दिसणार नाही. तरीही तो वाया गेला असे कोण म्हणेल?

स्वातंत्र्यानंतर भारतात रेखाटले गेलेले पहिले शिक्षण-विमान एचटी-२ हे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. कोल्हापूर भागात जन्मलेल्या घाटग्यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली अभ्यास केला होता. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या या विमानावर शिकल्या. १९५८ साली हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुष्पक हे दोन आसनी हलके विमान उडविले. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापडाचे आवरण, अशा साध्या रचनेची ही विमाने दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून त्यांनी वैमानिक घडविले. एचटी-२ चे इंजिन ब्रिटिश आणि पुष्पकचे अमेरिकन होते. सांगाडा स्वदेशी पण हृदय परदेशी, अशी ही स्थिती. कापड फाटले तर येथे शिवता येत होते. इंजिनाच्या सुट्या भागांसाठी मात्र परदेशाकडे पाहावे लागे.

यांतील प्रत्येक विमान पुन्हा उडवावे काय? वरील हिशेबाच्या उजेडात उत्तर नकारार्थीच येईल. सार्वजनिक पैशाने सरसकट जीर्णोद्धार करणे म्हणजे कॉन्कॉर्डच्याच वाटेने जाणे होय. परंतु सरसकट मोडीत काढणे हाही उपाय नव्हे. प्रत्येक जातीचे एक-दोन सर्वोत्तम नमुने, त्यांचे आराखडे आणि नोंदवह्यांसह, जाणीवपूर्वक राखावेत. उरलेल्यांपैकी ज्यांचा सांगाडा शाबूत आहे ती विमान देखभालीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. उडवावयाचे नाही असे एकदा ठरले की खर्च एकदम खाली येतो, आणि विमान उघडून पुन्हा जोडण्याचे शिक्षण मात्र तेवढेच मिळते. आणि जी यांपैकी कशालाच उपयोगी नाहीत त्यांचे सुटे भाग काढून घ्यावेत.

कौशल्याचा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. डाकोटा जातीचे एक जुने विमान विकत घेऊन इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे दुरुस्त करण्यात आले आणि २०१८ साली ते भारतीय हवाई दलाला भेट मिळाले. १९४७ साली अशाच विमानांनी श्रीनगरला सैनिक उतरविले होते. तेव्हा ही भेट उचितच म्हटली पाहिजे. पण या व्यवहारात विमान भारतात आले, ते दुरुस्त करताना कारागिरांच्या हातांत मुरलेली विद्या इंग्लंडमध्येच राहिली. जीर्णोद्धाराचे खरे उत्पन्न पुष्कळदा दुरुस्त झालेली वस्तू नसून दुरुस्त करू शकणारी माणसे हे असते. हे उत्पन्न हिशेबात धरले तर जो जीर्णोद्धार तोट्याचा दिसतो तो परवडणारा ठरू शकतो, आणि परदेशात पैसे मोजून करविलेला, दिसावयास स्वस्त असा जीर्णोद्धार महाग ठरू शकतो.

परवडते काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून एकच वाक्य देता येत नाही. नोंदवह्या अखंड असतील, मुख्य तुळई निरोगी असेल, वापरणारे हात अनेक असतील, आणि खर्च करणाऱ्याने त्याला गुंतवणूक म्हणून स्वतःची फसवणूक करून घेतली नसेल, तर परवडते; एरव्ही नाही. मात्र या सर्व हिशेबाच्या मुळाशी एक रक्कम आहे, जी जाहिरातीत कधीच छापली जात नाही. ती म्हणजे दुर्लक्षाची किंमत. दरवर्षी थोडा खर्च करून आणि नियमित उडवून जे विमान चांगले राहिले असते, तेच पंधरा वर्षांनी दुप्पट-तिप्पट खर्च मागते. शाळेचे गळके छप्पर, वाळवी लागलेली ग्रंथालयाची कपाटे आणि तडे गेलेले पूल यांचीही हीच कथा आहे. देखभालीच्या खर्चाला अंदाजपत्रकात पहिली कात्री लागते, कारण देखभालीचे उद्‌घाटन करता येत नाही. जीर्णोद्धाराचे मात्र थाटात करता येते. जीर्णोद्धार परवडतो का, असा प्रश्न विचारण्याची पाळी ज्या संस्थेवर वारंवार येते, तिने आधी आपल्या वार्षिक देखभालीच्या तरतुदीकडे पाहावे.